चालीवर प्रभाव कुणाचा?

सात वर्षं स्वतःची गाणी स्वतःच रेकॉर्ड करून, बहुतेक स्वतःच ऐकून झाल्यावर त्याला पहिली मुलाखत मिळाली, तीही ऑनलाइन, लाइव्ह. त्याची खोली हाच स्टुडिओ. घरातलं वॉशिंग मशीनही तिथंच. पण वर चादर टाकली की कॅमेऱ्यात ते चक्क टेबल वाटायचं. शेजारी व्हायोलिनवाला मित्र इस्त्रीचा शर्ट घालून बसला. 'आभाळ कोसळलं तरी आत यायचं नाही,' असं आईला तीनदा बजावून झालं होतं.

"नव्या गाण्याच्या चालीवर प्रभाव कुणाचा?" मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

याच प्रश्नासाठी तर तो आठवडाभर आरशासमोर घसा कोरडा करत होता. वाळवंटातले मेंढपाळ, समुद्रावरचे नावाडी, कुणालाच माहीत नसलेला एक बासरीवाला, सगळ्यांना त्यानं ओळीनं हजर केलं. "खरं सांगू? ही चाल मी केलीच नाही. ती माझ्या आत कधीची वाजत होती," असं म्हणून त्यानं डोळेही मिटले.

मग दोघांनी ती चाल वाजवली.

"अंगावर काटा आला हो!" बाई म्हणाल्या.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. हातात बादली घेऊन आई चवड्यांवर चालत आत आली, चादर सारून तिनं मशीनचं झाकण उघडलं आणि चक्रावलीच.

"अरे, हे तर रिकामंच आहे! मग कपडे धुऊन झाल्यावरचं ते गाणं वाजलं कुठून?"