सातांची कळ

जेवता जेवता शलाका भाटकरचा उजवा पाय गुडघ्याखाली तुटला. खरं तर पाय जागेवर होता, साडीवर रक्ताचा थेंबही नव्हता, तरी ती ताटासकट फरशीवर कोसळली आणि गुरासारखी ओरडू लागली.

सात जहाजमालकांच्या विमा मंडळाचा करारच तसा होता. कुणाच्याही जहाजावर खलाशी जखमी झाला, की त्याची वेदना कानामागच्या चकतीतून सातही मालकांच्या अंगात उतरे आणि खलाशाला काहीच दुखत नसे; आपली कळ कुठे जाते, हे खलाशांना ठाऊक नव्हतं. तेव्हापासून मालक जहाजांची डागडुजी वेळेवर करू लागले होते. एक कुजका दोरखंड मात्र "पुढच्या फेरीला बदलू" म्हणून शलाकानेच ठेवला होता.

फरशी नखांनी ओरबाडत तिने कप्तान मयेकरांना फोन लावला.

"दोर तुटून कासमच्या पायावर चाबकासारखा बसला, बाई. पाय गेला. डॉक्टर पोचायला चार तास लागतील."

"चार तास?"

"बाकीच्या सहाही मालकांचे फोन आले. सगळे म्हणतात, त्याच्या तोंडावर उशी दाबा, तो मेला की कळा थांबतील. मी म्हटलं, माणूस बाईंचा आहे, बाईंना विचारतो."

शलाकाने डोकं भिंतीवर आपटलं. कपाळ फुटलं, तरी पाय दुखायचा थांबला नाही. तिने पुन्हा आपटलं.

"दाबा," ती म्हणाली.

मयेकरांच्या शेजारी पडलेल्या कासमने फोनमधलं ते ओरडणं ऐकलं होतं. त्याचाच आवाज आला, काळजीने भरलेला.

"बाई, कोण मारतंय तुम्हाला? सोडवायला कुणी आहे का तिथे?"