मालदांडीवाल्याची सायकल

“हायब्रीड?” धोंडप्पानं हँडलवरचा हात झटकन मागं घेतला. “न्हाय, न्हाय. दुसरी दाव.”

सायकली दाखवणारी मुलगी हसली नाही. “का काका? काय वाईट असतं हायब्रीडमध्ये?”

आता ह्या पोरीला काय सांगायचं! मंद्रूपच्या शिवारात ज्वारी म्हणजे धोंडप्पाची गावरान मालदांडी. साऱ्या गावानं जादा उताऱ्यापायी हायब्रीड ज्वारी पेरली, पण ह्या गड्यानं बांधाच्या आत तिचा दाणा येऊ दिला नाही. लग्नकार्य निघालं की लोक गाड्या घेऊन त्याच्या दारात उभे राहायचे. त्याचा त्याला तोरा होता, आणि का नसावा?

पण तोरा जिभेवर चढला की घात करतो. एकुलत्या एका सोमशेखरनं सोलापुरात विणकराच्या, तेलुगू बोलणाऱ्या घरातली मुलगी केली. त्यांना लेक झाली. बारशाचं बोलावणं घेऊन सोमशेखर दारात आला, तेव्हा चार माणसांदेखत धोंडप्पा बोलून गेला, “हायब्रीड आमच्या घरात चालत न्हाय.”

सोमशेखरनं जिलेबीचा पुडा उंबऱ्यावर ठेवला आणि तो माघारी फिरला. त्याला तेवीस वर्षं झाली. धोंडप्पाच्या घरात आजोबाला कानडीतून अज्जा म्हणायची रीत. त्याला मात्र अजून कुणी अज्जा म्हटलं नव्हतं.

बायको शिवबाई मुलाशी फोनवर बोलायची, आणि धोंडप्पाला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं बोलायची. नात शिकली, कामाला लागली, एवढं कडक ऊन डोक्यावर घेऊन चालत कामाला जाते, सगळं त्याच्या कानावर पडत होतं. परवा शिवबाई सरळच म्हणाली, “तोंडानं चुकलं म्हनता येत न्हाय, तर हातानं तरी कायतरी करा की!”

म्हणून धोंडप्पा आज सकाळच्या एसटीनं सोलापूरला आला होता. नातीनं सायकल घेतली, तर दार उघडलं. नाही घेतली, तर ह्या वयात पुन्हा कुठल्या तोंडानं जायचं?

“नातीसाठी पायजे,” तो म्हणाला. “रोज कामावर जायला. आन सुट्टीला गावाकडं यायला... आली तर. शेताची वाट कच्ची हाय.”

“मग ऐका.” मुलीनं एकेक सायकल पुढं ओढली. “ही बारीक चाकाची. रस्त्यावर वाऱ्यासारखी, पण मातीत रुतणार. ही जाड चाकाची. मातीत राणी, पण डांबरीवर पाय मोडून काढते. आणि ही मधली, हायब्रीड. दोन्हीकडचं चांगलं घेतलेली. मंद्रूपपर्यंत डांबरीवर पळेल, पुढं शेतापर्यंत मातीतनंही जाईल.”

“फुडं स्प्रिंग न्हाय हिला?”

“नात काय खडकावरनं उड्या मारणार आहे का? उगाच वजन कशाला वाढवायचं?” तिनं सायकल एका हातानं उचलून दाखवली.

बोलणं तर बघा पोरीचं! धोंडप्पाला मिशीत हसू आलं. “टिकंल का पन?”

“टिकते की. दोन्हीकडचे धक्के खाऊनच तयार होते ती.”

धोंडप्पानं खिशातनं रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि उगाचच चाक फिरवून बघितलं. चाक बराच वेळ फिरत राहिलं, आवाज नाही काही नाही.

“नातीला सोबत का नाही आणलं, काका? तिच्या पसंतीनं घेतली असती.”

“तिला आज सुट्टी न्हाय.”

“हं,” मुलगी म्हणाली. “उंची किती तिची? त्या मापाची घ्यावी लागते.”

“तुज्याएवढी धर.” त्यानं सायकल तिच्याकडं वळवली. “तूच बसून दाव की.”

मुलीनं सीट खाली-वर करून कमरेशी जमवली, टांग मारली आणि ती निघाली. समोरच्या डांबरी रस्त्यावर दोन रिक्षांच्या मधनं सुळकन गेली. पलीकडच्या मोकळ्या मैदानात उतरली, तिथं खडी, खळगे, सगळं होतं. गिअर बदलून चढ चढली, वळली आणि धोंडप्पापुढं येऊन करकचून थांबली. दम लागलेला नाही की घाम नाही.

“आमच्या दुकानातली सगळ्यांत हुशार पोरगी आहे, आजोबा,” गल्ल्यावरनं मालक अनिलकुमार म्हणाले. “तिनं सांगितलेली सायकल परत आली नाही कधी.”

“माजी नात बी तशीच हाय!” धोंडप्पा इतक्या मोठ्यानं बोलला, की दुसरं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. त्याची छाती पागोट्याएवढी फुगली होती. “कुनाच्या म्होरं हात पसरला न्हाय तिनं. सोताच्या पायावर उभी हाय. आमच्या रानात पिकली न्हाय, ते आमचं नशीब खोटं. पन सोनं हाय सोनं!”

मुलीनं मान खाली घातली आणि चाकावरची धूळ पुसली.

“मग कोणती देऊ, काका?”

धोंडप्पानं हँडलवर हात ठेवला. “हायब्रीडच दे. लई चांगली हाय हायब्रीड. आमालाच कळलं न्हाय.”

त्यानं पैसे दिले. मुलीनं बिलाचं पुस्तक उघडलं.

“नातीचं नाव काय लिहू?”

नाव त्याच्या सख्ख्या आईचंच होतं. सोमशेखरनं मुद्दाम ठेवलेलं. पण तेवीस वर्षांत धोंडप्पानं ते एकदाही उच्चारलं नव्हतं आणि आताही ते जिभेवर येईना. त्यानं पागोटं काढलं आणि पुन्हा डोक्यावर ठेवलं.

मग मुलीनं पुन्हा न विचारताच नाव लिहिलं, आणि पुस्तक त्याच्याकडं फिरवलं. भुवनेश्वरी सोमशेखर.

“रविवारी येते, अज्जा,” ती म्हणाली. “हायब्रीड चालंल नव्हं घरात?”