सहावं काडतूस

“डबा तुमचा, झाकणावर नाव तुमचं, मग काडतूस दुसऱ्या कुणाचं असणार, बाई?” डेलने ते काडतूस टेबलावर उभं केलं.

रविवारच्या नेमबाजीत त्याचं रिव्हॉल्व्हर मध्येच अडकलं होतं. चार बार निघाले आणि पाचव्याला काडतुसांचं चक्र फिरेना. आधीच्या दणक्यांनी या काडतुसातली शिशाची गोळी पुढे सरकली होती आणि तिचं नाक चक्राबाहेर येऊन अडलं होतं. क्लबाच्या मैदानावर ते हसण्यावारी गेलं. पण मोंटानातल्या या गावातली निम्मी माणसं थंडीच्या तोंडावर शिकारीला डोंगरात जातात आणि तिथे अस्वलं आहेत. अस्वलापुढे अडकलेलं रिव्हॉल्व्हर आणि हातातला दगड यांत काही फरक नाही.

“म्हणून कमिटीने ठरवलंय,” डेल म्हणाला. तो क्लबाचा सेक्रेटरी. “यापुढे तुमची काडतुसं इथे चालणार नाहीत. अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली तुम्हाला. आता आराम करा.”

आराम! आर्डिस टोलेफसनला या शब्दाची चीड होती. शाळेतून निवृत्त केलं तेव्हा हाच शब्द, नवरा गेला तेव्हाही हाच. झाडलेल्या काडतुसांची पितळी कवचं पुन्हा भरण्याचं एवढं एकच काम तिच्याकडे उरलं होतं. शेजारची नॉर्मा पावडर तोलायची आणि गोळी बसवायची. कवचाचं तोंड गोळीभोवती आवळायचं शेवटचं काम आर्डिसचं. तेही गेलं तर दिवसभर करायचं काय, खिडकीशी बसून वारा ऐकायचा?

“दे इकडे,” ती म्हणाली.

डेलने काडतूस तिच्या तळहातावर ठेवलं. तिने अंगठ्याचं नख कवचाच्या तोंडावरून एकदा फिरवलं.

“हे माझं नाही.”

“नीट बघितलंत तरी का?”

“याची कड आत वळलेलीच नाही. नुसती बाजूने चेपलीय. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाच्या काडतुसाला असं चेपतात, कारण ते त्या कडेवरच टेकतं. एवढ्या दणक्याच्या रिव्हॉल्व्हरला कड गोळीच्या खाचेत वळवावी लागते. तोंड आवळायचा नवा डाय घेतलास ना, डेल?”

डेलचे कान लाल झाले. तो डाय त्याने उन्हाळ्यात आणला होता. हल्ली हाच चालतो, असं दुकानदार म्हणाला होता. आणि बाईंचा रिकामा डबा टाकायचा कशाला, म्हणून आपली काडतुसं त्याने त्यातच भरली होती. गावात सगळेच भरतात.

पण मागे हटेल तर तो डेल कसला! टेबलाभोवती अख्खी कमिटी कॉफी पीत बसली होती. “माझं असेलही,” तो म्हणाला. “पण तुमचं पक्कं कशावरून? सगळ्यांसमोर करून दाखवा.”

“दाखवते की. तिसरीत तुला पाढे येईनात, तेव्हाही मीच करून दाखवले होते.”

कोपऱ्यात काडतुसं भरायची क्लबाची प्रेस होती. आर्डिसने कोटाच्या खिशातून स्वतःचा डाय काढून तिच्यावर चढवला. डेल दिवा लावायला गेला.

“राहू दे. उगाच वीज जाळू नकोस.”

सोबत आलेल्या नॉर्माने पिशवीतून गोळ्या बसवलेली, पण अजून न आवळलेली सहा काडतुसं काढून तिच्या हाताशी मांडली. आर्डिसने पहिलं वर उचलून धरलं आणि डाय फिरवत खाली आणला. तो तोंडाला टेकताच ती थांबली. मग जरासं वळण दिलं, काडतूस काढून नख फिरवलं. आणखी थोडं वळण, पुन्हा नख.

“जास्त आवळलं की कवच फुगतं आणि गोळी उलट सैल होते,” ती कामातून मान न वळवता म्हणाली. “इथे हावरटपणा चालत नाही.” तिने नट घट्ट केला आणि उरलेली पाच भराभर आवळून काढली.

“एकावर खूण कर. ते मोजून चक्रातच राहू दे, बाकीची पाच झाड आणि तेच पुन्हा मोज. आणि मोठ्याने वाच.”

“बाई, मी आता पन्नाशीचा आहे.”

“मोठ्याने.”

कमिटी खो खो हसली. डेलने शाईची खूण केली, लांबी मोजायचा कॅलिपर लावला आणि शाळेतल्यासारखं वाचलं, “एक पॉइंट सहा शून्य पाच इंच.” मग तो बाहेर गेला. पाच दणके झाले. प्रत्येकाला खिडकीची काच थरथरली. परत येऊन त्याने खुणेचं काडतूस चक्रातून काढलं, मोजलं आणि कॅलिपर पुन्हा एकदा लावून पाहिला.

“वाच.”

“एक पॉइंट सहा शून्य पाच.”

गोळी केसभरही सरकली नव्हती. डेलने टोपी काढली. “चुकलो, बाई. तुमची काडतुसं चालतील.”

“तोंडी नको. लिहून दे. खाली सही कर.”

त्याने लिहिलं, सही केली, कागद पुढे सरकवला. आर्डिसने तो न उलगडता नॉर्माला दिला. नॉर्माने वाचून मान हलवली, पण आर्डिस वाट बघतच राहिली. मग नॉर्माने तोंडाने सांगितलं, “सगळं बरोबर आहे गं.” तेव्हा आर्डिसने हात पुढे करून कागद परत घेतला, खिशात घातला, वरून बटण लावलं आणि उठली.

“आता हात दे, डेल,” ती म्हणाली. “दाराबाहेर तीन पायऱ्या आहेत. दोन वर्षं झाली, मला त्या दिसत नाहीत. हवं तर तेही कमिटीला लिहून कळव.”