तीनशे दोनमधील रुग्ण

"घर नंबर सांगा ना," आरोग्यसेविका सुगुणाने पुन्हा विचारले. हातातील तांबड्या कागदावर कोरोनाग्रस्त म्हणून राजव्वाचे नाव लिहून झाले होते. पुढील रकाना रिकामा होता.

मल्लेशमने जिन्याखालील आपल्या एकुलत्या खोलीकडे पाहिले. हैदराबादेतील कुकटपल्लीच्या या इमारतीची राखण करीत तो कित्येक वर्षे तेथेच राहत होता. परंतु त्या दारास क्रमांक असावा, असे आजवर कोणासही सुचले नव्हते. आत त्याची बायको राजव्वा खोकत होती. त्याच्या खांद्यावरील तान्ही लेक आईच्या दिशेने झेपावत होती.

"नंबर नाही, अम्मा. पंपाशेजारचं दार, ते आमचं."

"मग कागद गेटवर लावते. अख्खी बिल्डिंग बंद."

हे शब्द ऐकताच इमारतीचे सेक्रेटरी प्रभाकर राव पहिल्या मजल्याच्या सज्जातून कडाडले, "गेटवर? एका वॉचमनपायी आम्ही सगळ्यांनी कोंडून घ्यायचं?"

"मग पेशंटला वेगळी खोली द्या, सार. संडास-न्हाणीसकट. त्या दाराला लावते."

मल्लेशम पुढे सरला. "सार, सकाळपासून तेच विनवतोय. तीनशे दोन रिकामंच आहे. तिथल्या झाडांना रोज मीच पाणी घालतो. हिला तिथं राहू द्या. निदान पोरगी तरी वाचेल."

रावांनी एकवार गेटकडे पाहिले. मग म्हणाले, "लिहा, तीनशे दोन."

मल्लेशमने हात जोडले. सुगुणा वर जाऊन कागद चिकटवून आली आणि पुढच्या गल्लीत निघून गेली. तिला अजून पुष्कळ घरे करायची होती. इकडे मल्लेशमने चटई गुंडाळून बगलेत मारली.

"निघालास कुठं?" राव म्हणाले.

"हिला वर नेतो, सार."

"मालकांच्या पलंगावर झोपवणार हिला? अमेरिकेतून फोन आला तर काय सांगू मी? अरे, कागदापुरतं होतं ते. तुला काय सगळं फोडून सांगायचं?"

त्या दिवसापासून तिसऱ्या मजल्यावर माणूस फिरकेना. शेजारच्या बाईंनी तीनशे दोनसमोरील फरशी फिनाईलने दोनदा धुऊन घेतली. जिन्याखालील खोलीसमोरून मात्र सर्वांची ये-जा पूर्ववत चालू राहिली. कागदाप्रमाणे तेथे कोणीच आजारी नव्हते.

एका तिन्हीसांजेस मल्लेशम झाडांना पाणी घालून उतरला. तीनशे दोनच्या कडीला कोणीतरी अडकवून गेलेली औषधांची पिशवी त्याने आपल्या खोलीच्या उंबऱ्यावरून आत सरकवली आणि पोरीला मांडीवर घट्ट धरून तो दारातच बसला.

भिंतीकडे तोंड करून निजलेल्या राजव्वाने तोंडावरील पदर किंचित दूर केला.

"वर जाऊन आलात?"

"हो."

"कशी आहे मी तिथं?"