हो की नाही

मंगळाच्या वाटेवरच्या निरोप्या उपग्रहात जागा अपुरी पडायची, म्हणून हेमांगीने त्याच्या प्रणालीला स्वतःची एक पुरवणी जोडली होती. एकाच माणसाचा नवा निरोप आला की रखडलेला जुना पुसायचा. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली होती.

आज सौरवादळ ओसरल्यावर मंगळावरून धाकट्या भावाचा, मल्हारचा, निरोप उतरला. "ताई, मघाशी विचारलं त्याचं नुसतं हो की नाही कळव. टाकीतली हवा आजच्यापुरतीच आहे."

मघाचा निरोप कुठेच नव्हता.

तिच्याच पुरवणीने तो पुसला होता. नऊ मिनिटांत उपग्रह मावळणार होता, तो उद्याच उगवणार. उलट विचारायला वेळच नव्हता. तिने डोळे मिटून 'हो' पाठवलं.

ते 'हो' अजून उपग्रहातच रखडलेलं होतं. नवा निरोप ते पुसू शकत होता. तिची बोटं पुन्हा कळफलकावर गेली.