पुन्हा पहिलं वर्ष

"चौथं राज्य, आणि माझं पुन्हा कॉलेजचं पहिलं वर्ष," मॉम अंडी परतत म्हणाली. "पण फ्लोरिडात सगळ्या सरकारी कॉलेजांत विषयांचे नंबर एकच असतात. एकीकडे शिकलेलं दुसरीकडे धरतात. आता तुझ्या डॅडला मायामीला फेकलं, तरी माझं काही वाया जात नाही."

डॅड फोन ठेवून आत आले. "बदली झाली. राज्यच सोडायचंय, अलाबामा."

मॉमने शेगडी बंद केली. "खोकी गॅरेजमध्ये आहेत."

दुसऱ्या दिवशी सामान भरतानाच तिचं हृदय बंद पडलं.

दफन करून आल्यावर डॅड उरलेली खोकी भरू लागले. "एवढ्या बदल्या झाल्या, पण तिने कधी तक्रार केली नाही."

मी हातातली चिकटपट्टी खाली ठेवली.

"डॅड, तिला यायचं नव्हतं. एकदाही."