सांडलेलं पाणी

ऐन उन्हाळ्यात बागेचं पाणी बंद झालं. चालू राहिला तो फक्त एका डॉक्टरीणबाईंच्या स्मरणार्थ शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या दगडी पाणपोईचा नळ. "हे पाणी माणसांना पिण्यापुरतं. झाडांना थेंबही घालायचा नाही," बागेच्या साहेबांनी माळीबुवांना बजावलं.

पण पाणपोईत सांडलेलं पाणी पन्हळीतून थेट सात गुलाबांच्या मुळाशी जायचं. ते गुलाब माळीबुवांच्या बायकोनं ती वारण्याच्या आदल्या वर्षी लावले होते. मग माळीबुवा दिवसभर नळापाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याची मनधरणी करू लागले.

"ताई, बाटली कसली भरताय? ओंजळीनं प्या, जिवाला गार वाटतं!"

"अहो काका, निम्मं तर सांडतंय!"

"सांडू द्या हो, सांडू द्या!"

गुलाबांनी तग धरला, पण ती ओल साहेबांच्या डोळ्यांत खुपली. त्यांनी पेला टेकवला तरच सुरू होणारा नळ बसवून घेतला. महिन्याभरात सातही गुलाबांच्या काटक्या झाल्या.



बागेला पाणीबचतीचं पहिलं बक्षीस मिळालं, आणि बक्षिसात आलेलं गुलाबाचं रोप माळीबुवांच्या हाती देत साहेब म्हणाले, "हे तरी नीट जगवा."